डॉक्टर आणि गिझरचा ताप

आमच्या घरमालकांनी गिझरच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला, तेव्हा मी हातात टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी होते. मला ऑफिस गाठायची घाई, आणि हे गृहस्थ स्टुलावर चढून, डोळे मिटून, आतला आवाज ऐकत होते. मी खाकरले. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. ऐकून समाधान झाल्यावर ते खाली उतरले, नळ्या गळ्यात अडकवल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता माझीच तपासणी होणार.

"मॅडम, पोट गुरगुरून राहिलं याचं. काल तुमी आंघोळ केली तवा नळातून आधी काय आलं? पाणी का वाफ?"

"वाफ."

"आवाज?"

"शिंकल्यासारखा."

"कोरडी शिंक का वली?"

आता गिझरची शिंक कोरडी की ओली, हे कुठल्या भाडेकरूने लक्षात ठेवलं असेल? मी म्हणाले, "ओली." ते गंभीरपणे मान हलवत गेले आणि मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोचले.

घरमालकांना सगळी कळमनुरी डॉक्टर म्हणायची. ते डॉक्टर नव्हते. ढोरांच्या दवाखान्यात नोकरीला होते आणि तिथेही डॉक्टर नव्हते. सरकारी कागदावर त्यांचं पद होतं व्रणोपचारक, म्हणजे जनावराच्या जखमा धुऊन पट्टी बांधणारा माणूस. पण खरे डॉक्टर बदली करून घेऊन निघून जायचे आणि हे जागचे हलायचे नाहीत, तेव्हा गावाने ती पदवी यांनाच देऊन टाकली. निवृत्त झाल्यावर गाई-म्हशी त्यांच्या तावडीतून सुटल्या आणि घरातल्या वस्तूंवर संक्रांत आली.

त्यांच्या हिशेबी प्रत्येक यंत्र हे जनावर होतं. रेडिओ खरखरला की त्याला सर्दी. शिवणयंत्र अडखळलं की ते 'मागच्या पायानं लंगडून राहिलं'. पंखा सुरू व्हायला वेळ लावू लागला तर त्याला गाभण म्हणायलाही त्यांनी कमी केलं नसतं. उपचाराचं त्यांचं तत्त्व मात्र पक्कं होतं, आणि ते दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. "मुकं जनावर काय सांगतं का? घरच्या मान्साला इचारा. कवापासून हाय, काय खाल्लं, आधी कोनी काय औषध देलं. आर्धा इलाज तिथंच व्हतो." उरलेल्या अर्ध्या इलाजात ती वस्तू कायमची बंद पडायची, ही गोष्ट वेगळी.

मी तेव्हा टेलिफोन खात्यात नवी नवी लागले होते. मूळची परभणीची, एकटी मुलगी, परक्या गावात खोली शोधत होते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. डॉक्टरांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मला वाटलं, खोली किती लांब आहे ते दाखवतायत. पाहून झाल्यावर आत बायकोला ओरडून म्हणाले, "चाल बराबर हाय. ठिवून घेऊ." बैलबाजारात पास झालेली मी कळमनुरीतली बहुधा एकटीच टेलिफोनवाली असेन.

आतून मावशी आल्या. किडकिडीत बांधा, केस चापून बसवलेले, नजर अशी की समोरच्याने आपलं बटण नीट लागलंय का ते तपासावं. त्यांनी मला चहा दिला आणि नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मान्सं हायत ती. दात नका बघू तिचे." मावशी फार कमी बोलायच्या. त्यांच्या वाटचं डॉक्टरच बोलून टाकायचे, आणि इतकं की मावशींना काही म्हणायचं असेल अशी शंकाही त्यांना येत नसे.

घराच्या पुढच्या दोन खोल्या मला, मागचं घर त्यांना, आणि अंगणातलं न्हाणीघर दोघांत. त्या न्हाणीघरात हा गिझर. गल्लीतला पहिला. त्याची जन्मकथा मला डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात ऐकवली, आणि तीही पराक्रम सांगावा तशी.

आधी तिथे तांब्याचा बंब होता. मावशींच्या वडिलांनी लग्नात दिलेला, त्यावर लेकीचं नाव कोरून घेतलेला. वडील रोजाने कामाला जाणारे, पण लेकीला गार पाण्याने आंघोळ करायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी तो कसाबसा जमवला होता. मावशी तो दर पौर्णिमेला चिंचेने घासायच्या आणि मग त्याच्याच पाण्याने न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून विहारात जायच्या.

"पन धूर मॅडम," डॉक्टर म्हणाले. "फुकून फुकून हिची छाती खलास झाली. खोकला थांबंना. मी म्हनलं, बास. ही डोंगरकड्याला भावाकडं गेली, तवर मी बंब पोत्यात घातला, आखाडा बाळापूरला नेला, मोडीत देला आन गिझर घेऊन आलो. ही आली तर पाहतच राहिली."

"मग?"

"मंग काय, खुश." ते जरा थांबले. "म्हंजी बोलली काही न्हाई. खुश असंन."

नव्या गिझरने सुरुवातीला काही पराक्रम दाखवला नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. गल्लीत विजेचा दाब इतका कमी की बल्ब लावला तर तो लावलाय हे पाहायला काडी पेटवावी लागायची. पाणी कोमटच्या पुढे जात नसे. "नवं जनावर हाय. घर बदललं की दोन-चार दिस चारा खात न्हाई. मंग रुळला आपोआप." मावशी तिथेच डाळ निवडत बसल्या होत्या. 'आपोआप' ऐकून त्यांनी मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि परत सुपात बोटं घातली.

मी राहायला आले आणि थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीत नवी डीपी बसली, म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर. बल्ब लखलखले, पंखे भिरभिरले, लोकांना एकमेकांचे चेहरे दिसले. आणि गिझरला ताप आला. मावशींनी पहाटे नळ उघडला तर आधी वाफेचा फुत्कार आणि मागोमाग उकळतं पाणी. हात पोळला. त्यांनी कोरफडीचा गर लावला, फडकं गुंडाळलं आणि कोणाला काही म्हणाल्या नाहीत. मला मात्र बजावलं, "पोरी, बटन बंद करूनच नळ सोडत जाय. बकिटीत आधी गार पानी घेत जाय." दुसऱ्या दिवसापासून त्या हौदातल्या गार पाण्याने आंघोळ करू लागल्या.

थंडीचे दिवस. आमच्याकडची थंडी पुण्या-मुंबईच्या लोकांना खोटी वाटते, पण पहाटे हौदाचं पाणी हाताला चावतं. मावशींना दम्याची खोड, गुडघे दुखरे. आत पहिला तांब्या अंगावर पडला की त्यांचा श्वास अडकल्याचा आवाज बाहेर यायचा, आणि बाहेर मफलर गुंडाळून येरझारा घालणाऱ्या डॉक्टरांचा पाय जागीच थांबायचा. त्यांना दुसरं काही नको होतं. हिने एकदा त्या नळाच्या गरम पाण्याने आंघोळ करावी, बस्स. ज्या धुरापासून तिला वाचवायला एवढा खटाटोप केला, त्याचं फळ म्हणजे बायको थंडीत कुडकुडतेय, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. पण ते कबूल करायचं सोडून ते मला म्हणायचे, "ती रुसली न्हाई मॅडम. ती भ्याली. गिझर बरा झाला की ती बी बरी."

मग गिझरवर उपचार सुरू झाले. माझी साक्ष झाली होतीच. शेजारच्यांची झाली. एकदा माझा मामा परभणीहून आला, रात्रभर राहून सकाळी आंघोळ करून निघाला, तर त्याला स्टँडपर्यंत सोबत करून डॉक्टरांनी वाटेत त्याची साक्ष घेतली. मामा नंतर मला म्हणाला, तुझ्या घरमालकाने मला पाठीवर पाणी घेतल्यावर काय वाटलं असं विचारलं, मी पुन्हा येणार नाही.

पहिलं निदान मूतखड्याचं झालं. कळमनुरीच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, भांड्यांना पांढरा थर धरतो. डॉक्टरांनी वीज बंद करून गिझर भिंतीवरून उतरवला, अंगणात चादर अंथरून त्याला आडवा निजवला आणि आतला हीटरचा रॉड बाहेर काढला. त्यावर खरंच पांढरी पुटं होती. "पाहा, किडनी भरली याची." लिंबं पिळून, घासून त्यांनी रॉड लख्ख केला. मग झाकणाखालच्या वायरी तपासल्या. तिथे एके ठिकाणी काळी टेप गुंडाळलेली होती. डॉक्टर तिच्यावर बेहद्द खुश झाले. "बघा मॅडम, कंपनीचं काम. पट्टी कशी झ्याक गुंडाळली. एक पदर वर-खाली न्हाई. असा हात नशिबानं भेटतो."

मावशी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय. हात चांगलाच हाय." आणि आत निघून गेल्या. गिझर परत भिंतीवर चढला, आणि दुसऱ्या दिवशी परत शिंकला.

दुसरं निदान अपचनाचं, म्हणजे वीज जास्त खातोय. डॉक्टर थेट वीज ऑफिसात गेले आणि विजेचा दाब फार जास्त येतोय अशी तक्रार करू लागले. तिथल्या लोकांनी आयुष्यभर उलट्याच तक्रारी ऐकल्या होत्या. त्यांनी यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि पलीकडच्या टेबलवाल्यांना बोलावून दाखवलं. डॉक्टरांना तो मानपान वाटला. "लई चांगली मान्सं हायत," असं सांगत ते घरी आले.

शेवटी मीच बाजारातून एक इलेक्ट्रिशियन आणला. त्याने झाकणही न उघडता, पान चघळत, नेहमीचा रामबाण उपाय सांगितला. "थर्मोस्टॅट बिघडला असंन. काढून टाकू आन डायरेक्ट करू. बिलकूल तकलीफ न्हाई." पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा तो पुर्जा. तो काढून वायर थेट जोडली की पाणी तापतच राहणार, हे मलाही कळत होतं. डॉक्टर तर खवळलेच. "तू मान्सं मारशीन एखाद्या दिशी! हा गिझरचा मेंदू हाय. मेंदू काढून जनावर शांत व्हतं का? कोन गाढव डायरेक्ट करतं?"

घरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी आत डोकावले तर मावशी ओट्याला टेकून, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मला वाटलं खोकतायत. आता विचार करते तेव्हा कळतं की त्या खोकत नव्हत्या.

माघातली पौर्णिमा जवळ आली आणि मावशींना ताप भरला. छाती घुरघुरू लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि गार पाणी बंद सांगितलं. मावशींनी गोळ्या घेतल्या आणि गार पाण्याबद्दल ऐकलंच नाही असं केलं. पौर्णिमेला न्हाऊनच विहारात जाणार, आणि हौदाच्याच पाण्याने. मी म्हटलं, चुलीवर पातेलंभर तापवून देते. तर म्हणाल्या, "नको पोरी. ज्यानं तापवायचं त्यानं तापवावं."

डॉक्टर ओसरीवर गिझरचं झाकण मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "मॅडम, सगळं करून पाह्यलं. हिला काही झालं तं मी काय करू? इचारायचं आता कोन राहिलं?"

मला त्यांची दयाही आली आणि रागही. मी म्हणाले, "मावशींना विचारलंत?"

"तिला काय इचारायचं? ती तं पानीच घेत न्हाई त्याचं."

"घरच्या माणसाला विचारावं, असं तुम्हीच म्हणता ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग झाकण हातात तसंच घेऊन उठले, सवयीने स्टेथोस्कोप गळ्यात घातला आणि आत गेले. मावशी गोधडी पांघरून बाजेवर बसल्या होत्या. डॉक्टरांनी समोर स्टूल ओढलं. मी दारातच थांबले. ऐकू नये असं ते काही बोलणार नव्हते, आणि बोलले असते तरी मी हलले नसते.

"कवापासून हाय?" त्यांनी विचारलं.

"नवी डीपी आली तवापासून."

"आधी असं कवा झालं व्हतं?"

"न्हाई. आधी लाइटच नव्हती पुरेशी."

"त्याच्या आधी कोनी काही औषध देलं व्हतं का?"

"देलं व्हतं."

डॉक्टर पुढे सरकले. "कोनी?"

"तुमी."

मावशींनीच पुढे सांगितलं, सावकाश, खोकल्याची उबळ आवरत. "पानी गरम व्हईना म्हनून तुमी त्याचा मेंदू सोडवला. वायर डायरेक्ट केली. काळी टेप गुंडाळली. मी म्हनलं, नका करू. तुमी म्हनले, तुला काय कळतं, बॅटरी नीट धर. मी बॅटरी धरली."

डॉक्टरांनी मांडीवरच्या झाकणाकडे पाहिलं. ती झ्याक पट्टी, तो नशिबाने भेटणारा हात. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मंग इतके दिस सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी इचारलं काहून न्हाई?"

मावशींनी गोधडी अंगाभोवती ओढून घेतली आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बंब मोडीत घातला, तवा बी इचारलं नव्हतं."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं. डॉक्टर उठले, न्हाणीघरात गेले, टेप उकलली, वायर परत थर्मोस्टॅटला जोडली. पाणी तापलं, गिझरवरचा लाल दिवा आपोआप विझला, नळातून शहाण्यासारखं पाणी आलं. त्यांनी त्यात कोपर बुडवून पाहिलं. गिझर बरा झाला होता. पौर्णिमेच्या पहाटे मावशी हौदाच्याच पाण्याने न्हाल्या आणि कुडकुडत विहारात गेल्या.

त्याच दिवशी पहिल्या एसटीने डॉक्टर आखाडा बाळापूरला गेले. भांड्यांच्या दुकानदाराने सांगितलं, मोड केव्हाच भट्टीला गेली. ते ऐकून माणूस घरी येईल. हे तिथल्या बाजारात भांडंवाल्यांना विचारत फिरले, मग डोंगरकड्याला गेले, मग कुठे कुठे गेले ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर परत आले ते पोतं मिठीत घेऊनच. एसटीत कंडक्टरने ते टपावर टाका म्हटलं तर भांडले म्हणे.

पोत्यातून तांब्याचा बंब निघाला. जुना, पोचे आलेला, काळवंडलेला. डॉक्टरांनी तो मावशींपुढे ठेवला. "तुझा भेटला," म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते माझ्याकडे बघून बोलले.

मावशींनी बंब फिरवला. पदराने एक जागा पुसली, डोळे बारीक करून वाचलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"ही कौसाबाई कोन?"

डॉक्टर चष्मा चाचपू लागले. घाईत त्यांनी कोरलेलं नाव वाचलंच नव्हतं. "कौसाबाई... आसंन कोनी तरी..."

"घरात दुसरी बाई आनली तुमी," मावशी म्हणाल्या. "ती बी न इचारता."

आणि त्या हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टर पाठीवर हात ठेवून नुसते "हळू, हळू" म्हणत राहिले. दम सावरल्यावर मावशींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जा. बटन दाबा."

"कोनतं?"

"गिझरचं. हिला पेटवायला लाकडं कुठून आनता?"

त्या दिवशी मावशी गरम पाण्याने न्हाल्या. डॉक्टर न्हाणीघराच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते. आत पहिला तांब्या पडला तसे ते उठून उभे राहिले. "कसंय?" त्यांनी विचारलं. आतून उत्तर आलं, "बराबर हाय."

पुढे मी तिथे होते तोवर हा रोजचा कार्यक्रम झाला. डॉक्टरांना विचारायचं व्यसनच लागलं. दिवा लावू का, रेडिओ लावू का, भाजीत मीठ घालू का. शेवटी मावशी वैतागून म्हणायच्या, "येखादी गोष्ट करा ना माय न इचारता." बंब कधी पेटला नाही. तो ओसरीवर टीव्हीशेजारी बसला आणि दर पौर्णिमेला चिंचेने घासला जाऊ लागला. मावशी त्याला सवत म्हणायच्या. "थांब, सवतीचं तोंड धुऊन येते," असं त्यांनी म्हटलं की डॉक्टर लाजून उठून जात.

मग माझी बदली झाली, लग्न झालं, टेलिफोन खात्याचे दिवस फिरले आणि लोकांच्या खिशात मोबाइल आले. डॉक्टर गेल्याचं मला उशिरा कळलं. मी भेटायला गेले तेव्हा मावशी आणखीच वाळल्या होत्या, पण केस तसेच चापून बसवलेले. ओसरीवर बंब झळझळत होता. मी म्हणाले, "मावशी, एकट्या कशा राहता?"

"एकटी काहून? कौसा हाय की." त्यांनी बंबावर हात ठेवला. "त्यांनी आनलेली हाय. तिला काय सोडती मी?"

रात्री राहिले. सकाळी त्यांनी मला टॉवेल दिला आणि माझ्यासाठी बटण दाबलं. न्हाणीघरात तोच गिझर, तोच नळ. बाहेर फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि दारापलीकडून मावशींनी विचारलं, "कसंय?"

मी दुसरा तांब्या भरून घेतला. त्यांनी परत विचारलं.

"बराबर हाय," मी म्हणाले.